अकरा इंची हलक्या लॅपटॉपच्या जागी चौदा इंची घ्यावा का?

बखरवाचक

नमस्कार मंडळी,

गेली नऊ वर्षे ज्या एकाच लॅपटॉपवर माझे सगळे लेखनकाम झाले तो आता बदलावा लागणार आहे, आणि त्याच्या जागी थोडा मोठा घ्यावा की तसाच छोटा शोधत राहावे हे मला ठरवता येत नाही. माझ्या कामाचे स्वरूप जरा वेगळे असल्यामुळे ते सविस्तर लिहिते, म्हणजे सल्ला देणे आपल्याला सोपे जाईल.

मी मोडी कागदांचे देवनागरी लिप्यंतर करते. निम्मे काम कोथरूडला घरी बसून स्कॅनवरून होते आणि निम्मे सदाशिव पेठेतल्या एका वाचनकक्षात, मूळ कागद समोर ठेवून होते. आयडियल कॉलनीपासून डेक्कनपर्यंत मेट्रोने जाते आणि तिथून लकडी पूल ओलांडून पायी. वर्षातून चार-पाच वेळा कामासाठी मुंबईला जावे लागते, तेव्हा डेक्कन क्वीनमध्ये समोरच्या फळीवर लॅपटॉप ठेवून जाताना आणि येताना मिळून पाच-सहा तासांचे काम उरकते.

सध्याचा लॅपटॉप २०१६ च्या दिवाळीत घेतलेला आहे. पडदा ११.६ इंची, वजन एक किलो पन्नास ग्रॅम, आणि आत पंखा नसल्यामुळे आवाज अजिबात नाही. बंद केला की तो ए४ कागदापेक्षा किंचित लहान भरतो. वाचनकक्षात टेबलावर रुमाल, म्हणजे जुने कागद बांधून ठेवलेले कापडी बासन, सोडून कागद पसरला, शेजारी भिंग आणि पेन्सिल ठेवली, की माझ्या वाट्याला जेमतेम दीड वीत रुंदीची जागा उरते, आणि तेवढ्या जागेत तो नेमका बसतो. मी इन्स्क्रिप्ट पद्धतीने टंकलेखन करीत असल्यामुळे कान्याची, म्हणजे इंग्रजी ‘ई’ची, कळ इतकी गुळगुळीत झाली आहे की तिच्यावरचे अक्षर केव्हाच पुसले गेले. या यंत्रावर माझा फार जीव आहे हे मी मोकळेपणाने सांगते. तीन पुस्तकांची लिप्यंतरे त्याच्यावर पूर्ण झाली.

आता अडचणी. डिसेंबरमध्ये टचपॅडचा उजवा कोपरा वर उचलला गेल्याचे लक्षात आले आणि टेबलावर ठेवला की लॅपटॉप डुगडुगू लागला. दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनी उघडून पाहिले, तर बॅटरी फुगलेली होती. त्याच मापाची अस्सल बॅटरी आता मिळत नाही असे कळल्यावर त्यांनी आहे तीच परत बसवून दिली. मेमरी ४ जीबी असून ती मदरबोर्डवरच जोडलेली आहे, त्यामुळे वाढवता येत नाही, आणि मोठे स्कॅन दोन उघडले की सगळे थांबते. विंडोज १० चे नियमित सुरक्षा अद्यतन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, आणि माझा प्रोसेसर इंटेलच्या सहाव्या पिढीचा असल्यामुळे विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चालत नाही.

सर्वांत मोठी अडचण मात्र डोळ्यांची आहे. माझे वय चोपन्न. पडद्याच्या डाव्या अर्ध्यात मोडी कागद आणि उजव्या अर्ध्यात देवनागरी मजकूर अशी माझी मांडणी असते. मोडीत आधी शिरोरेघ ओढून तिच्याखाली हात न उचलता लिहिण्याची पद्धत असल्याने एक शब्द कुठे संपला आणि पुढचा कुठे सुरू झाला हे पाहण्यासाठी प्रतिमा दीडपट-दुप्पट मोठी करावी लागते. तशी ती केली की ओळीचा एक तुकडाच दिसतो आणि उरलेली ओळ वाचण्यासाठी सतत डावी-उजवीकडे सरकवावे लागते. आणि त्या सरकवण्यात ओळ चुकते. गेल्या महिन्यात एका पत्रातील पूर्ण ओळ माझ्याकडून गळली. ती मुद्रितशोधनात सापडली याबद्दल मी संबंधित व्यक्तीची ऋणी आहे.

टिळक रस्त्यावरच्या एका दुकानात दोन पर्याय पाहिले. एक १४ इंची, १९२० बाय १२०० पिक्सेल, वजन १.३८ किलो. दुसरा १६ इंची, वजन १.७५ किलो, उजवीकडे आकड्यांच्या वेगळ्या कळा. दोन्हींत १६ जीबी मेमरी असून किमतीही जवळजवळ सारख्या, ऐंशी हजारांच्या आतबाहेर. त्याच किमतीत मोठा पडदा मिळत असताना लहान का घेता, असे दुकानदारांचे म्हणणे होते आणि त्यावर मला पटकन उत्तर देता आले नाही. दरम्यान एका मैत्रिणीने स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचा लॅपटॉप सुचवला आहे, कारण त्याची बॅटरी पुष्कळ वेळ टिकते. युनिकोडपूर्व, म्हणजे आजची सर्वमान्य अक्षरसंकेत-पद्धत येण्यापूर्वीच्या, फाँटमधील माझ्या काही जुन्या फाइली आणि त्या उघडणारे एक जुने सॉफ्टवेअर मात्र मला सोडता येणार नाही.

छोट्यावरून मोठ्यावर गेलेल्यांनी आपला अनुभव कृपया लिहावा.

वीजजोड

ताई, कोणता घ्यावा हे नंतर पाहू. आधी ती फुगलेली बॅटरी आजच्या आज काढून घ्या. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली किंवा सतत भरलेल्या अवस्थेत गरम राहिली की आतील द्रावणाचे विघटन होऊन वायू तयार होतो, आणि ती फुगते ती त्या वायूने. अशी बॅटरी चार्ज करणे, वर आलेला टचपॅड हाताने दाबून बसवणे, झाकण जोर लावून बंद करणे या तिन्ही गोष्टी धोक्याच्या आहेत. आतील पापुद्रे एकमेकांना टेकले तर ती पेट घेऊ शकते. ज्या वाचनकक्षात दोनशे-तीनशे वर्षांपूर्वीचे कागद आहेत तिथे हे यंत्र यापुढे नेऊ नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. ज्यांनी ती परत बसवली त्यांनी तसे करायला नको होते.

पुष्कळसे लॅपटॉप बॅटरी काढून थेट चार्जरवर चालतात. आपला चालतो का ते पाहून कळवा, म्हणजे जुन्या यंत्राचे पुढे काय करायचे ते सांगता येईल.

जुळारी

नमस्कार. अप्पा बळवंत चौकाजवळ माझे अक्षरजुळणीचे काम चालते आणि देवनागरी मजकुरापुढे दिवसाचे दहा तास जातात, म्हणून पडद्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

लॅपटॉपच्या पडद्याचे इंच कर्णाचे असतात, आणि कर्णावरून फसगत होते. आपला ११.६ इंची पडदा १६:९ प्रमाणाचा असणार, म्हणजे रुंदी सुमारे २५.७ आणि उंची १४.४ सेंटिमीटर. १९२० बाय १२०० चा १४ इंची पडदा १६:१० प्रमाणाचा असतो. त्याची रुंदी ३०.२ आणि उंची १८.८ सेंटिमीटर भरते. कर्णात फरक अडीच इंचांचाही नाही, पण क्षेत्रफळ दीडपटीहून थोडे अधिक होते. शिवाय ही उंची जुन्या १५.६ इंची १६:९ पडद्याच्या उंचीच्या फार मागे नाही, कारण ती १९.४ सेंटिमीटर होती. ओळींमागून ओळी वाचणाऱ्या माणसाला उंची जास्त उपयोगी पडते. आपल्या लिपीत तर ओळीच्या वर वेलांटी आणि रफार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय, यांमुळे दोन ओळींत रोमन लिपीपेक्षा जास्त अंतर सोडावे लागते आणि त्याच उंचीत कमी ओळी मावतात.

आता एक गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही. विंडोजमध्ये अक्षरे आणि चित्रे किती मोठी दिसावीत याचे एक प्रमाण असते, त्याला स्केल म्हणतात. नवा १९२० बाय १२०० चा पडदा १५० टक्क्यांवर ठेवला तर त्यावर प्रत्यक्षात १२८० बाय ८०० इतकाच ऐवज मावतो. आपल्या आताच्या पडद्यावर बहुधा १३६६ बाय ७६८ आहे. म्हणजे नवीन यंत्र घेऊनही कागद आणि मजकूर शेजारीशेजारी ठेवल्यावर रुंदीत आताच्यापेक्षा थोडे कमीच मिळेल. अक्षरे मात्र मोठी आणि घोटीव दिसतील. स्केल १२५ टक्के ठेवला तर १५३६ बाय ९६० मिळते, म्हणजे उंचीत पाव हिस्सा वाढ. दुकानात जाताना आपलाच एखादा मोडी स्कॅन पेन ड्राइव्हवर न्यावा, तो डावीकडे आणि मजकूर उजवीकडे ठेवावा, आणि १२५ टक्क्यांवर आपल्या चष्म्यातून पंधरा-वीस मिनिटे खरोखर लिप्यंतर करून पाहावे. तिथे डोळे ताणावे लागले तर चौदा इंचांत आपले समाधान होणार नाही हे तिथल्या तिथे कळेल. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर हे अधिकच आवश्यक आहे, कारण त्यात मधल्या अंतराची स्पष्ट पट्टी अरुंद असते आणि रुंद पडद्याच्या कडा वाचताना मान वळवावी लागते.

पडदा चकचकीत नसावा. वाचनकक्षात खिडकीकडे पाठ आली की चकचकीत पडद्यावर स्वतःचा चेहरा आणि ट्यूबलाइट दिसत राहते. फिकट शाईच्या कागदांची छायाचित्रे तशा पडद्यावर वाचणे म्हणजे डोळ्यांना शिक्षा आहे.

१६ इंचीबद्दल माझे मत स्पष्टपणे प्रतिकूल आहे आणि त्याचे कारण वजनापेक्षा कळफलकात आहे. उजवीकडे आकड्यांच्या कळा आल्या की मुख्य कळफलक आणि त्याखालचा टचपॅड दोन्ही डावीकडे सरकतात. लिहिणारा कळफलकासमोर बसला तर पडद्याचा मध्य त्याच्या उजवीकडे जातो, आणि पडद्यासमोर बसला तर मनगटे वाकडी होतात. हिशेबनीसांना त्या कळा हव्याच असतात. इन्स्क्रिप्टने पानेच्या पाने लिहिणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही. माझ्याकडे असे यंत्र दोन वर्षे होते आणि त्या काळात उजव्या खांद्याने मला पुष्कळ त्रास दिला. शिवाय त्याची रुंदी ३५ सेंटिमीटरच्या पुढे जाते, म्हणजे आपल्या दीड वितीत तो मावणारच नाही.

स्नॅपड्रॅगनविषयी सावध राहावे. तो आर्म जातीचा प्रोसेसर आहे. नेहमीची विंडोज सॉफ्टवेअरे त्यावर रूपांतर करून चालवली जातात आणि बहुतेक चालतातही, परंतु ड्रायव्हरचे तसे रूपांतर होत नाही. ते आर्मसाठी वेगळेच लिहिलेले असावे लागतात. आपले जुने सॉफ्टवेअर हार्डवेअर लॉकवर, म्हणजे यूएसबीमध्ये खोचायच्या त्या छोट्या किल्लीवर चालत असेल, तर किल्लीचा ड्रायव्हर तिथे बसेलच अशी खात्री देता येत नाही. जुन्या स्कॅनरचीही तीच गोष्ट. आपल्या कामाला इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर बरा. पंखा नसलेले मॅकबुक एअर वजनाने उत्तम आहे, १३ इंची १.२४ किलो, परंतु आपले विंडोजवरचे सॉफ्टवेअर आणि ती किल्ली हा प्रश्न तिथे आणखी कठीण होईल.

वेताळ टेकडी

माझे मत वरील प्रतिसादापेक्षा थोडे वेगळे आहे. निम्मे काम घरी होते असे आपण लिहिले आहे. स्कॅनचे सगळे काम घरचेच, आणि ओळ गळण्याचा प्रकारही स्कॅनवर काम करतानाच घडला. मग त्यासाठी मोठा पडदा रोज खांद्यावरून वाहून नेण्याची गरज काय? घरी टेबलावर २४ इंची मॉनिटर बसवावा आणि बाहेर नेण्यासाठी एक-सव्वा किलोचा १३ इंची लॅपटॉप घ्यावा. मूळ कागद समोर असताना पडद्यावर फक्त आपला मजकूर असतो, तेव्हा लहान पडदा पुरतो.

मी स्वतः मोठा लॅपटॉप घेऊन पस्तावलो आहे. तो वाईट नव्हता, परंतु पहिल्या महिन्यानंतर ‘आज लागणार नाही’ असे म्हणून घरी ठेवू लागलो आणि नेमका त्या दिवशी लागत असे. जुना छोटा लॅपटॉप पिशवीत आहे की नाही हे मी कधी तपासूनही पाहिले नव्हते.

खरेदीआधी एक प्रयोग करून पाहावा. जाड पुठ्ठा ३१.५ बाय २२.५ सेंटिमीटरचा कापावा. बहुतेक १४ इंची लॅपटॉप याच्या जवळपास असतात. त्यावर पुस्तके बांधून वजन पावणेदोन किलो करावे, कारण १.३८ किलोत चार्जर आणि केबल मिळवल्यावर भार तेवढाच होतो. आठवडाभर तो रोजच्या पिशवीत घालून मेट्रोने आणि पायी न्यावा. वाचनकक्षातील टेबलावरही तो ठेवून पाहावा.

बखरवाचक

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहीत आहे, कारण सांगितलेले सगळे करून पाहायचे होते.

बॅटरी दुसऱ्याच दिवशी काढून घेतली. लॅपटॉप चार्जरवर व्यवस्थित चालतो, आणि आता टेबलावर डुगडुगतही नाही.

पुठ्ठ्याचा प्रयोग फार उपयोगी ठरला. कॅलेंडरच्या पाठचा पुठ्ठा घेऊन त्यावर दोन शब्दकोश सुतळीने बांधले. पहिले दोन दिवस लकडी पुलापर्यंत येता येता खांदा जाणवला. तिसऱ्या दिवशी पिशवी बदलून पाठीवरची सॅक घेतली, त्यानंतर वजन विशेष जाणवले नाही. वाचनकक्षात मात्र पुठ्ठ्याचा डावा कोपरा पसरलेल्या कागदाच्या कडेवर गेला. मी तो लगेच उचलला आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले, कारण पुठ्ठ्याऐवजी लॅपटॉप असता तर कागदाची कड दुमडली असती. मग मांडणी बदलून पाहिली: भिंग आणि पेन्सिल कागदाच्या वरच्या अंगाला ठेवली आणि कागदासाठीची उतरती फळी थोडी डावीकडे घेतली. आता पुठ्ठा आणि कागद यांत चार बोटांचे अंतर राहते. १६ इंची यंत्राला ते कोणत्याही मांडणीत राहिले नसते.

दुकानात स्वतःचा स्कॅन नेऊन १२५ टक्क्यांवर अर्धा तास काम केले. दुकानदारांनी न कंटाळता खुर्ची आणून दिली, हे नमूद केले पाहिजे. कागद दीडपट मोठा करूनही बहुतेक ओळी टोकापासून टोकापर्यंत एका नजरेत आल्या, आणि सरकवावे लागले ते फक्त फार रुंद कागदांवर. एका पत्रात मी आजवर ‘वसूल’ वाचत आलेला शब्द ‘बसून’ आहे असे तिथे बसल्याबसल्या ध्यानात आले.

वेताळ टेकडी यांची सूचना मला तत्त्वतः पटली, परंतु माझ्या घरी टेबल एकच आहे. सायंकाळी त्यावर मुलीचा अभ्यास असतो आणि मी लॅपटॉप उचलून गॅलरीत जाते, त्यामुळे मॉनिटर बसवला तरी त्याच्यासमोर मला फार वेळ मिळणार नाही. म्हणून १४ इंची, चकचकीत नसलेल्या पडद्याचा आणि इंटेल प्रोसेसरचा लॅपटॉप सांगून ठेवला आहे. पंखा आहे, पण दुकानात अर्धा तास केवळ लिहिताना तो फिरल्याचे ऐकू आले नाही. डेक्कन क्वीनचा प्रश्न राहतो. पुढच्या आसनावरच्या प्रवाशाने पाठ मागे केली की मोठ्या पडद्याचे झाकण पूर्ण उघडणार नाही. तिथे यापुढे लिहिण्याऐवजी छापील मुद्रिते तपासायची असे ठरवले आहे.

आता जुन्या यंत्राचे काय करावे? दुकानात बदली किंमत दीड हजार सांगितली. तेवढ्यासाठी तो देऊन टाकायला मन घेत नाही.

वीजजोड

देऊ नका. चार्जरवर चालतो, तर घरी एका जागी ठेवून वापरता येईल. ४ जीबी मेमरीवर लिनक्स मिंट या विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत प्रणालीची हलकी एक्सएफसीई आवृत्ती व्यवस्थित चालते, तिला सुरक्षा अद्यतनेही मिळतात, आणि आयबस या तिथल्या टंकलेखनाच्या सोयीमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट कळफलक जोडता येतो, त्यामुळे आपल्या बोटांची सवय मोडणार नाही. मात्र अधूनमधून वीज गेली की बॅटरी नसलेले यंत्र तत्क्षणी बंद पडेल, म्हणून लेखन दर मिनिटाला आपोआप जतन होईल अशी व्यवस्था लिबरऑफिसमध्ये करून ठेवावी. जुने सॉफ्टवेअर त्यावर चालणार नाही. ते नव्या यंत्रावर बसले, किल्ली चालली आणि युनिकोडपूर्व फाइली उघडल्या याची खात्री झाल्याशिवाय जुन्यावरचे विंडोज पुसू नये. महिना-दीड महिना दोन्ही यंत्रे शेजारी ठेवावीत. तोपर्यंत विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टने ठेवलेल्या वाढीव सुरक्षा अद्यतनांत नाव नोंदवता येते. त्यांची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे.

नव्या यंत्राबद्दल दोन गोष्टी. अलीकडच्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की डिस्कचे कूटबद्धीकरण (एन्क्रिप्शन) बहुधा आपोआप सुरू होते. त्याची ४८ आकडी किल्ली आपल्या खात्यात साठवली जाते. ती पहिल्याच दिवशी वहीत उतरवून ठेवावी, नाहीतर पुढे मदरबोर्ड बदलावा लागला तर स्वतःच्याच फाइलींपुढे दार बंद होते. दुसरे, बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय बहुतेक नव्या यंत्रांत आहे. घरी चार्जर लावूनच काम करीत असाल तर ती चालू ठेवावी. जुनी बॅटरी अशीच सतत शंभर टक्क्यांवर राहून लवकर थकली असण्याचा पुष्कळ संभव आहे.

आणि ती काढलेली बॅटरी आता कुठे आहे? घंटागाडीत देऊ नये. कचरा दाबणाऱ्या गाडीत ती पेटू शकते. ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच द्यावी. तोपर्यंत तिची टोके चिकटपट्टीने झाकून, कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात, उन्हापासून आणि कागदांपासून दूर ठेवावी.

बखरवाचक

बॅटरी गॅलरीत, पत्र्याच्या डब्यात वाळू घालून ठेवली आहे. शनिवारी केंद्रावर नेऊन देते. जुळारी, किल्ली दुकानात नेऊन नव्या यंत्रात लावून पाहिली. सॉफ्टवेअर उघडले आणि २००४ सालची एक फाइल जोडाक्षरांसह जशीच्या तशी दिसली.